रिसबूड बाईंचं छापील वाक्य

रिसबूड बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या भांडायलाच. ऐंशी-एक्क्याऐंशीचं साल असेल. ठाण्यातल्या एका कॉलेजात मी नुकतीच ग्रंथपाल म्हणून लागले होते आणि त्या तिथं समाजशास्त्र शिकवायच्या. मुदत उलटून गेलेल्या पुस्तकांबद्दल मी शिपायाबरोबर स्टाफरूममध्ये एक चिठ्ठी पाठवली होती. ती हातात घेऊन बाई तडक माझ्या टेबलापाशी आल्या.

"तुम्ही लिहिलंय, 'पुस्तके परत येत नाहीत अशी तक्रार आहे.' कोणाची तक्रार? नाव सांगा."

"माझीच," मी म्हटलं.

"मग 'माझी तक्रार आहे' असं लिहा. तक्रार काही आभाळातून पडत नाही."

एवढं बोलून त्या गेल्या. पुस्तकं मात्र काही परत केली नाहीत.

'कोणी सांगितलं?' हा त्यांचा प्रश्न स्टाफरूममध्ये कुप्रसिद्ध होता. कोणी म्हटलं, 'लोक म्हणतात, यंदा पेपर सोपा होता,' की बाई पेन थांबवून विचारायच्या, "कोण लोक?" एकदा एका निवृत्त प्राध्यापकांच्या शोकसभेत वक्ते म्हणाले, "ते सर्वांनाच अत्यंत प्रिय होते." माझ्या शेजारी बसलेल्या बाई पुटपुटल्या, "कोणी सांगितलं?" मला हसू आवरेना. पदराचं टोक तोंडात कोंबून मी सभा कशीबशी निभावली, आणि माझे हलणारे खांदे बघून लोकांना मी रडतेय असं वाटलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

बाई बुटक्या, काटक. सुती नऊवार शोभली असती अशा अंगलटीच्या, पण नेसायच्या पाचवारीच, आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. डोंबिवलीला भाऊ-वहिनीजवळ राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं, तारखेनिशी. ग्रंथालयातलं एक लोखंडी कपाट त्यांनी प्राचार्यांशी भांडून मिळवलं होतं आणि त्यावर स्वतःच्या हातानं 'आशिया' अशी चिठ्ठी चिकटवली होती. आत पुस्तकं. जावा बेटावरच्या बाजारकरणी, जपानच्या समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायका, सिंहली कोळी, ब्रह्मदेशातली लग्नं, नागांची गावं. मुलांना त्या म्हणायच्या, "आशिया म्हणजे काही बोटीनं जायची जागा नाही. तुम्ही बसलात तो बाक आशियात आहे."

त्यांचा स्वतःचा आशिया कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर होता. कोपरीच्या बाजूला खाडीकाठी एक जुना कोळीवाडा आणि त्याला लागून मासळीबाजार. आठवड्यातून दोनदा, तास संपले की बाई तिथं जायच्या. कोळणींच्या ओळीत एका पाटावर बसायच्या आणि मांडीवरच्या लांबट वहीत लिहायच्या. कोणाच्या घरात कोण कोणाचं, कुठली सून कुठल्या गावची, बाजारात बसायची जागा कोणाकडून कोणाकडे आली. कोळणींनी त्यांचं नाव ठेवलं होतं, वहीबाय.

मी एकदा हौसेनं त्यांच्याबरोबर गेले. बोईट, निवट्या, चिंबोऱ्या आणि त्या सगळ्यावर भणभणणाऱ्या माश्या. एका कोळणीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाईंना विचारलं, "ही कोन गो? हिचा तरी लगीन झालाय का तुज्यासारकीच?"

"झालंय," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मी बाहेर आल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्या मला काय विचारतात तेही लिहायचं असतं. त्यांचा अभ्यास आपण करतो, मग त्यांनी आपला करू नये की काय?"

खाण्याच्या बाबतीत बाईंचा हिशेब सरळ होता. डोंबिवलीच्या घरात कांदा-लसूणही चतुर्मासात बंद. कोळीवाड्यात मात्र पुढ्यात येईल ते त्या निमूट खायच्या. "घरी चालत नाही, कामात चालतं," एवढंच स्पष्टीकरण. वहिनींना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या खाण्यावरून कधी बोलल्या नाहीत, वह्यांवरून बोलायच्या. वह्यांना वास येतो म्हणून त्यांनी त्या घरात ठेवू दिल्या नाहीत. गॅलरीत एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात दहा-बारा वर्षांचा कोळीवाडा बंद असायचा. भर उन्हाळ्यात गॅलरीचं दार उघडलं की सुक्या जवळ्याचा दरवळ यायचा. वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या वन्सं शिकतात अजून."

घराण्यांचे तक्ते बाई पेन्सिलीनं काढत. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, लग्न म्हणजे दोन आडव्या रेघा, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. प्रत्येक आकृतीखाली नाव हवंच. एका तक्त्यात वरच्या पिढीतलं एक वर्तुळ रिकामं होतं. ती बाई मरून तीस वर्षं झालेली, सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण माहेरचं नाव कोणालाच आठवेना. एवढंच कळलं की माहेर शीळफाट्याच्या पुढच्या एका गावात होतं. मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. बाई एस.टी.नं शीळफाट्याला उतरल्या आणि तिथून चालत गेल्या. त्या बाईची एक म्हातारी बहीण शोधून काढली, नाव विचारलं आणि संध्याकाळी चेहरा तांबडालाल करून थेट माझ्याकडे आल्या. मी ग्रंथालय बंद करत होते.

"चांगुणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिचं नाव चांगुणा होतं." आणि माठातलं पाणी एका दमात तीन पेले प्यायल्या.

मला तेव्हा हे वेडच वाटलं. एका मेलेल्या बाईच्या नावापायी जिवंत बाईनं उन्हात वणवण करायची! पण बाईंचा आनंद खरा होता, हे मान्य करायला हवं.

पुढे त्यांनी या सगळ्यावर एक मोठा लेख लिहिला. परदेशातून आशियातल्या मच्छीमार समाजांवर एक पुस्तक निघायचं होतं, त्यासाठी इंग्रजीतून. तेवढ्यावर त्या थांबत्या तर बरं झालं असतं. पण त्यांचं म्हणणं, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ते वाचता आलं पाहिजे. म्हणून तोच लेख त्यांनी मराठीतही केला. इंग्रजीचं पुस्तक सावकाश निघणार होतं. मराठी लेख एका त्रैमासिकात लगेच आला, आणि बाईंनी पदरमोड करून त्या अंकाच्या वीस-पंचवीस प्रती कोळीवाड्यात घरोघर वाटल्या. लोकांनी फोटो आहे का बघितलं, नाही म्हटल्यावर अंक फळीवर ठेवून दिले. माझ्या ग्रंथालयातला अंकही कोणी नेला नाही.

त्या लेखात एक वाक्य होतं. 'बाजारातील बसण्याची जागा ही सासूकडून थोरल्या सुनेकडे जाते. मुलीचा तीवर हक्क मानला जात नाही.'

दोन-तीन वर्षांनी बाजाराची नवी शेड बांधायची ठरली. उघड्यावर पाट टाकून बसण्याऐवजी प्रत्येकीला सिमेंटचा ओटा मिळणार होता. ओटे मोजकेच होते. परंपरेनं कोणाची जागा कुठली याची यादी गावच्या पंचांनी करून द्यावी, असा महापालिकेचा निरोप आला. बहुतेक जागांबद्दल वाद नव्हता. वाद एका जागेचा झाला, तो मथुराच्या.

मथुरा नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. तिच्या आईनं, हिराबायनं, गुडघे धरले तेव्हा आपली पाटी लेकीच्या हातात दिली, आणि तेव्हापासून सहा वर्षं मथुराच त्या जागेवर बसत होती. आता हिराबाय वारली होती. थोरली सून रेवती, जिनं आजवर बाजारात पाऊल टाकलं नव्हतं, ती म्हणाली की ओटा माझा. तिच्यावरही वेळच तशी आली होती. नवरा कामाला होता तो वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडला होता आणि घरात तीन मुलं होती. सातवीपर्यंत शिकलेल्या रेवतीनं फळीवरचा अंक काढला, ते वाक्य शोधलं, त्याखाली लाल रेघ मारली आणि पंचांपुढे ठेवलं.

मथुरा कॉलेजात आली ती बाईंना शोधत. शिपायानं तिला माझ्याकडे आणून सोडलं. वाचनाच्या टेबलावरची मुलं नाकाला रुमाल लावायला लागली. मी बाईंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, तशी मथुरानं कमरेला खोचलेला अंक काढून पुढे धरला.

"बाय, ह्या तू लिवलास?"

"हो."

"कोनी सांगितला तुला?"

आयुष्यभर जो प्रश्न बाईंनी दुसऱ्यांना विचारला तोच समोरून आला, पण त्या गडबडल्या नाहीत. उलट त्यांना बरंच वाटलं असावं. प्रश्न त्यांच्या सवयीचा होता. "तुझ्या आईनंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "उद्या वही आणते, तारीख दाखवते."

वही आली, मथुरा बाजारात बसायला लागण्याआधीची. मथुराला वाचता येत नव्हतं, म्हणून बाईंनी वाचून दाखवलं. हिराबायचेच शब्द होते. जागा सुनेची, लेकीचा काय संबंध, लेक दुसऱ्याच्या घरची.

मथुरानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तवा रेवती कंय व्हती?"

मुलाखतीच्या वेळी हजर असलेल्या माणसांची नावं पानाच्या कोपऱ्यात लिहायची बाईंची पद्धत होती. त्यांनी पान तिरकं केलं. कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात होतं, 'रेवती. चुलीपाशी.'

"मंग?" मथुरा म्हणाली. "सून चुलीपाशी बसलीया नि आयस सांगल का, माजी पाटी मी लेकीला देनार हाय म्हनून? तिला त्याच चुलीवरचा खायाचा व्हता."

बाईंनी पान सरळ केलं आणि पुन्हा वाचलं. पुढचे चार दिवस त्यांनी ट्रंकेतल्या सगळ्या वह्या थोड्याथोड्या करून ग्रंथालयात आणल्या आणि पहिल्यापासून वाचल्या. मीही मदतीला बसले. आईकडून लेकीकडे गेलेल्या जागा वहीत चांगल्या सात-आठ निघाल्या. प्रत्येकीपुढे बाईंनी तेव्हा 'अपवाद' असं लिहून ठेवलं होतं. हिराबाय छान, ठसक्यात बोलली होती, जावा बेटावरच्या पुस्तकांशी ते फार सुरेख जुळत होतं, तेव्हा तिचं बोलणं नियम झालं आणि बाकीच्या बायकांचं आयुष्य अपवाद.

"शैला," बाई मला म्हणाल्या, "नियम मी केला गं. त्यांच्यात नव्हताच तो. दर वेळी भांडायच्या आणि ठरवायच्या."

रविवारी दुपारी गावदेवीच्या देवळापुढे पंच बसले. बाईंनी मला बरोबर नेलं. पुरुष चटयांवर, बायका मागे भिंतीला धरून. पंचांचे प्रमुख दामूनाखवा, गावातले सगळ्यांत जुने होडीमालक. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकही पाल्हाळ न लावता सांगितलं, "मी लिहिलेलं ते वाक्य चुकीचं आहे. चूक माझी आहे. त्यावरून मथुराची जागा काढू नका."

दामूनाखवा सज्जन माणूस. त्यांना खरोखरच कळेना. "बाय, तू धा वर्सां हितं बसलीस. घरोघर इचारलास, मंग लिवलास. ता छापून पन आला. आता एका दिसात चूक कसा होल?"

"मी सगळं नीट पाहिलं नाही."

रेवती मागून म्हणाली, "मी का बायला मासली देऊन लिवून घेतला? तिनं तिच्या मनानं लिवला. तवा खरा नि आता खोटा?" तीही काही मजेत आली नव्हती.

"आईकडून मुलीकडे आलेल्या जागा गावात आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या वहीत आहेत."

"मंग नावां सांग," दामूनाखवा म्हणाले. "नावां सांग, आमी इचार करू."

बाईंनी मागे भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. चार दिवस वह्या वाचल्यामुळे, बाईंची नजर जिथं थांबत होती त्या बायका कोण ते मला आता कळत होतं. सात-आठजणी होत्या, आणि प्रत्येकीची नजर जमिनीवर होती. त्यांनाही भाऊ होते, भावजया होत्या. त्यांची नावं या सभेत निघाली असती तर संध्याकाळपर्यंत आणखी सात ओट्यांवर दावे पडले असते. त्यांच्यातली एक जरी आपण होऊन पुढे आली असती तर गोष्ट वेगळी. कोणी आली नाही. मला त्यांना दोष देववत नाही.

बाई पंचांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "नावं मी सांगणार नाही."

"मंग आमी काय करनार?" दामूनाखवा म्हणाले. "आमी बोललेला आमी इसरून जातंव. तुजा छापलेला ऱ्हातय."

ओटा रेवतीच्या नावावर गेला. मथुरा उठली आणि बाईंकडे न बघता निघून गेली. मला त्या दिवशी बाईंचा भयंकर राग आला. परतताना मी त्यांना म्हटलंही, की आयुष्यभर लोकांना नावं विचारलीत आणि ऐन वेळी तोंडाला कुलूप घातलंत. त्यांनी ऐकून घेतलं. आता वाटतं, मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. त्या जागी मी असते तर नावं सांगून मोकळी झाले असते, आणि सात घरांत भांडणं लावून दिली असती.

बाईंनी परदेशी संपादकांना पत्र लिहून आपला लेख मागे घेतला. ते पुस्तक यथावकाश निघालं, त्यात जपान होतं, सिंहलद्वीप होतं, ठाण्याची खाडी नव्हती. मराठी त्रैमासिकात त्यांनी एकपानी दुरुस्ती छापली. तिच्या प्रतीही कोळीवाड्यात वाटल्या. त्या घेताना लोक म्हणाले, "बाय, झाला ना आता? कशाला?" पुढे त्या निवृत्त झाल्या. नवीन काही लिहिलं नाही.

रेवतीला मात्र बाईंबद्दल कृतज्ञता होती, आणि ती त्यांना फार जड गेली. दर नारळीपौर्णिमेला ती डोंबिवलीला नारळाच्या करंज्या घेऊन यायची. "बाय, तुज्यामुलं पोरां शाळेत हायेत," म्हणायची. बाई करंज्या ठेवून घ्यायच्या. वहिनींनी मला सांगितलं, की त्या दिवशी वन्सं जेवत नाहीत.

मथुरा वर्षभर बाईंशी बोलली नाही. शेडमध्ये जागा नाही म्हणून ती फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उन्हात पाटी घेऊन बसायची. निवृत्तीनंतर बाई दर बुधवारी आणि शनिवारी तिथं जाऊन उभ्या राहायला लागल्या. वही नसायची. गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकायच्या. असे कित्येक महिने गेल्यावर एके दिवशी मथुरानं आपल्या बुडाखालचा पाट काढून त्यांच्याकडे सरकवला आणि स्वतः गोणपाटावर बसली. हे मला बाईंनीच सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला. कोपरीत काही कामाला गेले होते, वाट वाकडी करून बाजाराकडे वळले. फाटकाबाहेर मथुरा, शेजारी पाटावर बाई. केस पूर्ण पांढरे झालेले, पायात तेच बूट. कोलंबी सोलत होत्या, आणि चांगल्या सफाईनं. मला बसायला जागा करून दिली. वहिनींच्या दम्याचं, माझ्या बदलीचं असं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात एक मुलगी आली. जीन्स, खांद्याला झोळी, हातात छोटा टेपरेकॉर्डर. मुंबईहून, कुठल्याशा संस्थेतून आली होती. मथुरापुढे उकिडवी बसून तिनं आदबीनं विचारलं, "मावशी, बाजारातल्या बायकांवर अभ्यास करतेय. इथे बसायची जागा कोणाकडून कोणाकडे जाते, ते सांगाल?"

मथुरा हसली. तिनं अंगठ्यानं बाईंकडे दाखवलं. "हिला इचार. हिला सगला म्हाईत हाय."

मुलीनं टेपरेकॉर्डर बाईंकडे वळवला. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. हात पदराला पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मलाही उठायची खूण केली. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलो, ऐकू येणार नाही इतक्या लांब. तिथं बाई बाजाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मीही पाठ केली.

मथुरानं त्या मुलीला काय सांगितलं ते त्यामुळे मला माहीत नाही.